टिपलेला रानपिंगळा, उघडलेला चास

पक्षी ‘टिपला’ असं आज कॅमेरेवाला सहज म्हणतो. खानदेशात हे क्रियापद आधी बंदुकीचं होतं. जेम्स डेव्हिडसन हा ब्रिटिश सनदी अधिकारी १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, असेच पक्षी टिपायचा आणि कातडी भरून, चिठ्ठी बांधून ठेवायचा. त्यात रानपिंगळाही होता, म्हणजे रानातलं एक छोटं घुबड. त्याच्या रानपिंगळ्यांपैकी शेवटचा १८८४ चा. पुढची ११३ वर्षं हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नाही.

मधे एक दावा होता, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा: १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा. पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तर डेव्हिडसनचाच निघाला! संग्रहालयातून लांबवलेला, नव्याने भरलेला, चिठ्ठी बदललेली. फोटोशॉप १९९० चं. ही करामत त्याच्या कितीतरी आधीची.

तो दावा बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा सापडला. या खेपेला पुराव्याला फोटो आणि व्हिडिओ पुरले.

रानपिंगळा तसा तपकिरी. रंगाचा कस लागतो तो चासापाशी, म्हणजे नीलकंठापाशी. कपाशीच्या बांधावर तारेवर बसलेला असतो तेव्हा मातकट वाटतो. उडाला की गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे उघडतात. त्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसातल्या अतिसूक्ष्म हवेच्या पोकळ्या निळा प्रकाश विखुरतात. स्लाइड फिल्मवर हे पकडायचं तर रोलमध्ये फ्रेम छत्तीस, आणि एक्स्पोजर जरा चुकलं की ती फ्रेम गेलीच. डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाइलने, म्हणजे फोटोच्या कच्च्या नोंदीने, सुधारायला जागा दिली. २००७ मध्ये लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आलं आणि डार्करूमची बरीचशी कामं टेबलावर आली.

जागा मिळाली की माणूस हात सैल सोडतो. माझ्या पहिल्या चासाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, मी इतकं ओढलं, की पंख प्लास्टिकच्या बादलीसारखा झाला. पिसांच्या कडा विरघळल्या. ज्यांच्या वावरात तो काढला होता, ते फोटो बघून म्हणाले, “आमना वावरमा असा नही येस रे भो!”

आता आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाची झाक काढणं, मग हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली. सॅच्युरेशनला हात लावायचा तो त्यांना एकदा दाखवून.