सहा खणांची पिशवी : जुन्या धाटणीच्या हॉरर गेमची पार्श्वभूमी

कोथरूडला बहिणीकडे गेलो तेव्हा भाची संगणकासमोर डोक्याला हात लावून बसली होती. ‘सिग्नालिस’ नावाचा हॉरर गेम खेळत होती. समोर एक किल्ली पडलेली, मागच्या बोळातून कुणीतरी पाय फरफटत येतंय, आणि पिशवीत जागा नाही. "मामा, बघ ना! पिस्तूल, गोळ्या, दोन औषधं, एक कार्ड, एक जुनी किल्ली. झाले सहा. आता ही दुसरी किल्ली घेऊ कशात? एवढीशी तर आहे!" मग जरा थांबून म्हणाली, "आजच्या काळात मुद्दाम असा गेम का बनवतात रे?"

तिला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. हा गेम २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आला. जर्मनीतल्या अवघ्या दोन जणांनी तो घडवला. पण त्यातली पिशवी त्यांची नाही. तिचा माग काढत गेलं की १९८९ सालच्या जपानपाशी पोहोचायला होतं.

त्या वर्षी कॅपकॉम या जपानी कंपनीने निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर ‘स्वीट होम’ आणला. त्याच नावाच्या जपानी चित्रपटावर बेतलेला हा गेम तोकुरो फुजिवारा यांनी दिग्दर्शित केला होता. पाच जण एका दिवंगत चित्रकाराच्या हवेलीत भित्तिचित्रं शोधायला जातात आणि अडकतात. प्रत्येकाकडे स्वतःचं एक अवजार, कुणाकडे लायटर, कुणाकडे कॅमेरा, कुणाकडे व्हॅक्यूम क्लीनर. त्याशिवाय एक शस्त्र आणि फक्त दोन वस्तू. मेलेला माणूस परत येत नाही आणि त्याच्या अवजाराला पर्याय उरलेल्यांनी शोधायचा. दार उघडताना ते दार समोर येऊन हळूच उघडायचं, हेही इथलंच. जपानबाहेर हा गेम अधिकृतपणे कधी विकलाच गेला नाही, त्यामुळे आपल्याकडे फार थोड्यांना त्याचं नाव ठाऊक आहे.

दुसरा धागा फ्रान्सचा. १९९२ मध्ये इन्फोग्राम्स कंपनीने ‘अलोन इन द डार्क’ काढला, त्यामागे फ्रेडरिक रेनाल होते. त्या वेळच्या संगणकांना अख्खं त्रिमितीय घर दर क्षणी नव्याने रेखाटणं झेपणारं नव्हतं. म्हणून घर चित्रासारखं आधीच काढून ठेवलं, त्यावर तेवढी माणसं आणि राक्षस त्रिमितीय फिरवले. चित्र एकाच कोनातून काढलेलं, त्यामुळे कॅमेराही एका जागी ठोकलेला. गेम सुरू होतो तो माळ्यावर. थोड्याच वेळात खिडकीतून काहीतरी आत घुसतं. कपाट ढकलून खिडकीला लावलं तर ते येऊ शकत नाही. हे कुणी सांगत नाही, आपल्यालाच सुचावं लागतं. मला आजही ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत सुंदर सुरुवात वाटते.

हे दोन्ही धागे एकत्र आले ते २२ मार्च १९९६ ला, ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये. जपानमध्ये नाव ‘बायोहॅझर्ड’. दिग्दर्शक शिंजी मिकामी, आणि निर्माते पुन्हा फुजिवाराच. सुरुवातीला तर ‘स्वीट होम’च नव्याने करायचा विचार होता. ‘सर्व्हायव्हल हॉरर’, म्हणजे मोजक्या सामानावर जीव वाचवत खेळायचा भीतीचा गेम, हा शब्दप्रयोग याच गेमने रूढ केला. खेळायला दोन पात्रं, ख्रिस घेतला तर पिशवीत सहा खण, जिल घेतली तर आठ. खेळ सेव्ह करायला गेममधलाच टाइपरायटर, आणि दर वेळी टाइपरायटरला शाईची एक रिबन. रिबनी मोजक्या.

इथे यंत्राची कुवत समजून घ्यायला हवी. हा गेम ज्यावर आला त्या सोनीच्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती २ एमबी, चित्रांसाठी वेगळी १ एमबी. सीडी दुप्पट वेगाची, म्हणजे सेकंदाला ३०० केबी. एका खोलीतून दुसरीत जाताना पुढची खोली सीडीवरून उचलायला वेळ लागायचा. तो वेळ झाकायला काळ्या पडद्यावर एक दार हळूहळू उघडतं, बिजागरी कुरकुरते. बनवणाऱ्यांनी अडचण झाकली, आणि खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक दारापाशी श्वास रोखायची सवय लागली.

चालण्याची पद्धतही अशीच. वरचं बटण दाबलं की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालतं, डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी वळतं. याला ‘टँक कंट्रोल’ म्हणतात आणि नव्या माणसाचा पहिला संताप इथेच होतो. पण कॅमेरा खोलीगणिक, कधी चार पावलांगणिक बदलतो. पात्र पडद्याच्या दिशेनुसार चाललं असतं, तर कोन बदलताच उजवीकडे पळणारा माणूस उलटा शत्रूच्या अंगावर गेला असता. टँक कंट्रोलमध्ये ‘पुढे’ म्हणजे पुढेच राहतं. पद्धत अवघडलेली आहे हे मान्य, पण ती अडाणीपणातून आलेली नाही.

ठोकलेल्या कॅमेऱ्याबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. संडास चौकापलीकडे, मागच्या बाजूला. रात्री जायचं झालं की आजी माडीच्या कठड्याशी उभी राहायची आणि वरून बघत राहायची. खाली मी, हातात टॉर्च, जिन्याखालची अडगळीची कोनाडी मला दिसायची नाही पण तिला दिसायची. तिच्या बघण्याचा केवढा तरी आधार वाटायचा. या गेममध्ये तेच बघणं आहे, फक्त वर आजी नाही. कोपऱ्यापलीकडे काय आहे हे पात्राला दिसत असणार, मला दिसत नाही, आणि छताच्या कोपऱ्यातून कुणीतरी आम्हा दोघांकडे बघतंय. खांद्यामागून चालणाऱ्या कॅमेऱ्याने ही भावना मला कधीच दिली नाही.

‘रेसिडेंट ईव्हिल’मधला पहिला झॉम्बी मान वळवून बघतो तो क्षण सगळ्यांना आठवतो. माझ्या मनात घर करून आहे तो खिडक्यांचा बोळ. पहिल्यांदाच शांतपणे चालत निघालो. एकदम काच फुटली, कुत्रा आत. मामेभावाच्या हातातून कंट्रोलर पडला आणि माजघरातून मामीचा आवाज आला, "काय फोडलंत रे?"

ते साल १९९९ असावं. प्लेस्टेशन मामेभावाचा, नकली सीड्या चालाव्यात म्हणून चिप बसवलेला, सीड्या बुधवार पेठेतून आणलेल्या. तपकीर गल्लीच्या आसपास तेव्हा वायरीपासून टीव्हीच्या नळीपर्यंत सगळं मिळायचं, मेमरी कार्डही. कार्ड १२८ केबीचं, पंधरा कप्प्यांचं. कार्ड नसेल तर कितीही रिबनी असल्या तरी सेव्ह होत नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं. रोज नव्याने हवेलीच्या दारातून सुरुवात. शेवटी एका दुकानातून स्वस्तातलं कार्ड आणलं. ते पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी कोरं झालं. दुकानदाराने हात झटकले. भाऊ रडला नाही, पण दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

शिवाय गुरुवार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची, हे घरोघरी पाठ होतं. पण ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा. टाइपरायटरपासून तीन खोल्या लांब असताना पंखा मंदावल्यासारखा वाटला की आम्ही पळत सुटायचो, झॉम्बींच्या मधून, गोळी न झाडता. मिकामींनी रिबन कल्पिली तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर आमची वीज नव्हती. पण त्या गेमची भीती आमच्या घरात त्यांच्या अपेक्षेहून जास्त पोहोचली हे मी खात्रीने सांगतो.

१९९९ मध्येच कोनामी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ आला, दिग्दर्शक केइचिरो तोयामा. यात घरं-रस्ते खरोखर त्रिमितीय, त्यामुळे यंत्राला लांबचं काही दाखवणं झेपेना. उपाय म्हणून गावभर धुकं आणि अंधार पसरवला. आणि खिशातल्या रेडिओवर खरखर सुरू झाली की समजायचं, जवळ काहीतरी आहे. दिसण्याआधी ऐकू येणारं भय इतकं नेमकं फार कमी ठिकाणी साधलंय.

पुढचा भाग भराभर सांगतो. २००२ मध्ये नव्याने बनवलेल्या पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये पाडलेले झॉम्बी जाळले नाहीत किंवा डोकं उडवलं नाही तर काही काळाने जास्त चपळ होऊन उठू लागले. जाळायला रॉकेल आणि लायटर, म्हणजे पुन्हा पिशवीतले खण. २००५ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ आला, कॅमेरा खांद्यामागे गेला, गोळ्या वाढल्या, आणि मोठ्या कंपन्यांनी जुनी वाट जवळपास सोडून दिली.

ती वाट परत उघडली ती लहान चमूंनी. चिलीमधल्या ड्युअल इफेक्टचा ‘टॉर्मेंटेड सोल्स’ २०२१ चा, जर्मनीचा ‘सिग्नालिस’ २०२२ चा, इंग्लंडच्या एसएफबी गेम्सचा ‘क्रो कंट्री’ मे २०२४ चा. आजच्या संगणकाला धुक्याची गरज नाही, दाराची नाही, सहा खणांची तर नाहीच. जुन्या प्लेस्टेशनवर आकृत्या थरथरायच्या, कारण बिंदूची जागा अपूर्णांकात धरायची सोय त्यात नव्हती. फरशीवरचं चित्र वाकडं व्हायचं, कारण ते पसरवताना लांब-जवळचा हिशेब यंत्र करत नसे. हे दोष आज मेहनत घेऊन, हौसेने परत आणले जातात. तेव्हा जी मजबुरी होती ती आता निवड आहे, आणि म्हणून तिचा जाब विचारायचा अधिकार खेळणाऱ्याला आहे.

मी तो विचारतो. ‘टॉर्मेंटेड सोल्स’मध्ये काळोखात उभं राहिलं तर जीव जातो, आणि एका वेळी हातात लायटर तरी धरता येतो नाहीतर शस्त्र तरी. खोलीतल्या दिव्याची जागा लक्षात ठेवावी लागते, उजेडाच्या कडेला उभं राहून नेम धरावा लागतो. इथे अडचण थेट भीतीला जाऊन मिळते. ‘क्रो कंट्री’ने पिशवीची मर्यादाच काढली, शत्रू नसलेला वेगळा प्रकारही दिला. खेळायला तो गोड आहे, त्यातली कोडी मला फार आवडली. भीती मात्र पातळ झाली.

‘सिग्नालिस’चं दुःख वेगळं आहे. त्यातले पाडलेले शत्रू परत उठतात, जाळायला थर्माइटच्या, म्हणजे प्रखर आगीने जळणाऱ्या, नळ्या लागतात आणि त्या मोजक्या असतात. कुठला बोळ कायमचा मोकळा करायचा हे ठरवणं हाच खरा गेम आहे, आणि तिथे सहा खण शंभर टक्के योग्य आहेत. सेव्ह मात्र हवं तितकं करता येतं, रिबनी नाहीत. चूक होते ती खेपांमध्ये. किल्ली दिसली, जागा नाही, सामान ठेवायच्या पेटीपर्यंत परत, पुन्हा किल्लीपर्यंत. पहिल्या खेपेला बोळ भीतिदायक असतो. तिसऱ्या खेपेला तो फक्त बोळ असतो, आपल्याला शत्रूचं पाऊल न् पाऊल पाठ झालेलं असतं. इतक्या देखण्या गेमने इतक्या जिवापाड जमवलेलं वातावरण आपल्याच हाताने असं खर्चून टाकावं, याची मला मनापासून हळहळ वाटते. किल्ल्या आणि कार्डांना वेगळी जागा असती आणि शस्त्र-औषधांना चारच खण असते, तरी मी आनंदाने खेळलो असतो.

यातलं बरंचसं मी भाचीला सांगितलं. कुत्र्यांचा बोळ, कोरं झालेलं कार्ड, गुरुवार. तिने ऐकलं, चहा घेतला, आणि वहीच्या मागच्या पानावर तिने काढलेला नकाशा दाखवला. दोन बोळांवर फुल्या होत्या, तिथले जाळून झालेले. पेटीपासून किल्लीपर्यंत वाटेत एकच उरला होता. ती पेटीपाशी गेली. कार्ड ठेवलं, एक औषध ठेवलं. मग बराच वेळ पेटी तशीच उघडी.

"मामा, त्याला चुकवून जाता येतं का?"

"येतं. भिंतीला धरून जा, पळू नको."

तिने पिस्तूल पेटीत ठेवलं, गोळ्याही ठेवल्या. खोलीतला दिवा मालवायला सांगितला, कानाला हेडफोन लावले आणि दार उघडलं.