एकाच बाजूचा घोळणा

मुलाचा घोळणा फुटला की आपल्याकडे डोक्यावर गार पाणी थापतात, फोडलेला कांदा हुंगायला देतात आणि 'उष्णता वाढली' म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा ते निभावतंही, कारण मुलांच्या नाकातलं रक्त सहसा दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातल्या बारीक शिरांतून येतं. पण वयात येणारा मुलगा, महिनोन्‌महिने चोंदलेली एकच नाकपुडी आणि त्याच बाजूने पुन्हा पुन्हा भळाभळा रक्त, हे तिन्ही जुळलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे त्याची ओपीडी आहे.

अशा मुलांत अँजिओफायब्रोमाची शंका घ्यावी लागते. ही गाठ नाकाच्या पार मागे उगवते, आणि जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होते. ती कॅन्सरची नसते. तरी तिला 'साधी' म्हणणं मला पटत नाही. हाड झिजवत ती गालामागे, डोळ्याच्या खोबणीत, कधी मेंदूच्या तळापर्यंत पोचते.

तिचा खरा धोका रक्तवाहिन्यांत आहे. एरवी वाहिनी कापली गेली की तिच्या भिंतीतला स्नायू आकसतो आणि तोंड आवळलं जातं. या गाठीतल्या अनेक वाहिन्यांना तो स्नायूचा थर नसतोच, किंवा अर्धवट असतो. त्यामुळे तपासणीसाठी ओपीडीत तुकडा काढणं जिवावर बेतू शकतं. निदान होतं ते दुर्बिणीने पाहून आणि रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी व एमआरआयवरून.

शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी बहुधा गाठीचं रक्त तोडतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून, पडद्यावर बघत, ती मानेतून वर गाठीला रक्त पुरवणाऱ्या शाखेपर्यंत नेतात आणि सूक्ष्म कण सोडून शाखा बुजवतात. यानंतर शस्त्रक्रियेला फार दिवस जाऊ देत नाहीत, नाहीतर आजूबाजूच्या वाहिन्या गाठीला रक्त पुरवू लागतात. एवढं करूनही रक्ताच्या पिशव्या तयार ठेवाव्या लागतात, म्हणून रक्तपेढीचं काम नातेवाइकांनी आधीच उरकावं.

पूर्वी नाकाच्या कडेने चेहरा उघडावा लागे. आता बऱ्याच गाठी नाकपुडीतूनच, दुर्बिणीने निघतात. फार पसरलेल्या गाठीला अजूनही बाहेरून छेद लागू शकतो.

वॉर्डातले पहिले दिवस मुलाला जड जातात. नाकात पॅक, म्हणजे रक्त थांबवायला कोंबलेली पट्टी, तोंडाने श्वास, कोरडी पडलेली जीभ. उशाकडची बाजू उंच ठेवतात. पॅक सहसा दोन-तीन दिवसांत निघतो आणि तेव्हा थोडं रक्त येतं, त्याची कल्पना मुलाला आधीच द्यावी. घरी गेल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, जड उचलायचं नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, म्हणजे खपल्या सुटतात. गर्दीच्या लोकलमध्ये कोपर लागण्याची भीती असते, तेव्हा कॉलेज थोडं लांबवलेलं बरं.

नाक मोकळं झालं की गावाकडून आलेली कुटुंबं पुढच्या तारखेला येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. हाडाच्या खाचेत राहिलेल्या कणभर गाठीतून ती पुन्हा वाढू शकते, आणि ती लहान असताना बहुधा एमआरआयसारख्या स्कॅनवरच दिसते. जुन्या फिल्म टाकून देऊ नका. नवा स्कॅन त्यांच्याशीच ताडून बघतात.