इन्स्पायर अवॉर्ड मानक: झेडपी शाळेतल्या पोरांचं नॉमिनेशन कसं करायचं

इन्स्पायर अवॉर्ड मानक म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या आयडियांसाठीची केंद्राची स्कीम, आयडिया सिलेक्ट झाली तर मॉडेल बनवायला पैसे मिळतात. पालक विचारतात की याचा फॉर्म कुठे मिळतो. तर मुलांनी स्वतः भरायचा फॉर्मच नाहीये यात, सगळं शाळेच्या लॉगिनमधून होतं, त्यामुळे आधी वर्गशिक्षकांना नाहीतर विज्ञानाच्या सरांना गाठा.

स्कीम केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची आहे, नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनसोबत चालते. आधी ६वी ते १०वीच होतं, २०२४-२५ पासून १२वीपर्यंत केलंय, वय १० ते १७. झेडपी, नगरपालिका, खासगी, कुठलीही मान्यताप्राप्त शाळा चालते. फी एक रुपया नाही, कोणी मागितली तर देऊ नका.

शाळेचं ई-मियास पोर्टलवर (या स्कीमची वेबसाइट) एकदाच रजिस्ट्रेशन करायचं, ते जिल्ह्याकडून अप्रूव्ह झालं की लॉगिन चालू. हा पासवर्ड बहुतेक मुख्याध्यापकांच्या मोबाईलमध्येच राहतो आणि त्यांची बदली झाली की शोधाशोध सुरू, म्हणून शाळेच्या रजिस्टरला लिहून ठेवा प्लीज. मग शाळेत आयडिया मागवायच्या आणि त्यातल्या चांगल्या ५ पर्यंत अपलोड करायच्या.

माहिती लागते ती मुलाचं नाव, आईवडिलांचं नाव, वय, इयत्ता, प्रवर्ग, आधार, बँक खातं आणि आयडियाचा राइट-अप. राइट-अप मराठीत चालतो. खातं मात्र नीट बघा, कारण सिलेक्ट झालं तर १०,००० रुपये थेट खात्यात येतात, आणि आधारवर एक स्पेलिंग, पासबुकवर दुसरं असलं की पैसे अडकलेच समजा. खातं बंद पडलं असेल तर केवायसी आत्ताच करून घ्या, शेवटच्या आठवड्यात बँकेतही रांग आणि पोर्टलही स्लो.

आता खरं घोडं अडतं ते आयडियावर. ज्वालामुखीचं मॉडेल, पवनचक्की, यूट्यूबवरचा हायड्रॉलिक जेसीबी, हे असलं पाठवून काही होत नाही, तिकडे नावीन्य आणि रोजच्या आयुष्यातला उपयोग बघतात. नाशिककडचं पोरगं असेल तर त्याला विचारा ना, कांदा साठवायच्या चाळीतला कांदा आतून सडायला लागला की वास येईपर्यंत कळत नाही, त्याआधी कसं कळेल? तो जे सांगेल ते त्याच्याच भाषेत लिहू द्या, सरांनी भारी शब्द घालून सजवू नका, कारण पुढे प्रदर्शनात परीक्षक पोरालाच विचारतात आणि तिथे सर शेजारी उभे राहून उत्तर देऊ शकत नाहीत.

ते १०,००० मॉडेल बनवायला आणि जिल्हा प्रदर्शनाला जायला असतात, बक्षीस समजून घरी खर्च करू नका. जिल्ह्यातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय.

नॉमिनेशनची शेवटची तारीख दरवर्षी पुढेमागे होते, पोर्टलवर चेक करा, पण आयडिया जुलैतच मागवायला घ्या.