खांब जवळ असेल तर फायबर, डोंगराआड असाल तर डिश

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात इंटरनेटसाठी घराजवळच्या खांबापर्यंत फायबर (काचेच्या तंतूची तार) आलं असेल, तर उपग्रहाच्या मागे लागू नये. धडगाव-मोलगीकडच्या डोंगराळ पाड्यांवर मात्र उत्तर बदलतं. फायबर असो की डिश, वेग पुरेसा मिळतो. खरा प्रश्न शेवटच्या काहीशे मीटरचा, विजेचा आणि दुरुस्तीचा असतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. गावातल्या बहुतेक जोडण्या जीपॉन पद्धतीच्या असतात. म्हणजे एका तंतूतले २.५ गिगाबिट स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात आणि त्याबरोबर प्रकाशही वाटला जातो. ही घट डेसिबलमध्ये मोजतात: ३२ घरांच्या स्प्लिटरमध्ये साधारण १७ डेसिबल जातात, दर किलोमीटरला ०.३५ आणि प्रत्येक कनेक्टरला ०.३ ते ०.५. घरातल्या ओएनटीपर्यंत (फायबर जिथे जोडतात ती पेटी) उणे १५ ते उणे २५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश पोचला तर जोडणी चांगली. उणे २७ च्या खाली गेला की नेट येतं-जातं राहतं. हा आकडा ओएनटीच्या सेटिंगमध्ये दिसतो. जोडणी झाली त्याच दिवशी तो लिहून ठेवा. पुढे तो ३-४ डेसिबलने उतरला, तर कुठेतरी तार दबली आहे, सांधा सैल झाला आहे किंवा कनेक्टरमध्ये धूळ गेली आहे, हे तक्रार करताना ठामपणे सांगता येतं. ओएनटीवर लाल दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही, मग राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.

आपल्याकडे तार तुटते ती पाइपलाइनच्या चारीसाठी फिरणाऱ्या जेसीबीने, केळीच्या उंच भरलेल्या ट्रकने किंवा बांध पेटवल्याने. घराच्या आत उंदीर आहेतच. ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी तार) दाराच्या चौकटीत चेमटू देऊ नका आणि कोपऱ्यावर वळवताना ३ सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्या ठेवू नका. हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये बसतो, पण त्यांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात. मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो.

उपग्रहांत दोन जाती. भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटरवर असतो. विनंती वर-खाली आणि उत्तर वर-खाली, एवढ्यातच जवळपास अर्धा सेकंद जातो, आणि व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलू लागतात. स्टारलिंकसारख्या कंपन्यांचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, तिथे विलंब ३० ते ६० मिलिसेकंदांवर येतो. मात्र ते जागेवर थांबत नाहीत, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातात, आणि डिश सतत नवा उपग्रह धरत राहते. त्यांच्यापैकी बऱ्याच उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या आहेत, त्यामुळे त्यांची गर्दी युरोपच्या अक्षांशांवर जास्त आणि आपल्या २१ अंशांवर कमी. म्हणून इथे आकाश अधिक मोकळं लागतं. क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर काहीच आड येता कामा नये. १० मीटरवरचा महू (मोहाचं झाड) डिशपेक्षा ७ मीटरने उंच असला तरी दर काही मिनिटांनी जोडणी तुटते. अरुंद दरीच्या तळाशी डिश जवळजवळ निरुपयोगी, धारेवर नेली तर उत्तम.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. स्टारलिंकच्या नेहमीच्या डिशची मर्यादा ५० अंशांची, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते. तापलेल्या पत्र्याला चिकटून बसवलेली डिश दुपारी स्वतःहून बंद पडते. वर सावली करता येत नाही, म्हणून मीटरभर उंच पाइपावर बसवा आणि त्याला अर्थिंग द्या. वळवाच्या जोरदार सरीत काही मिनिटं नेट जाईल, कारण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी पाण्याचे थेंब शोषतात आणि विखुरतात. हे सोसावंच लागतं.

विजेचा हिशेब मात्र आधीच मांडावा. नेहमीची डिश ७५ ते १०० वॅट खाते, दिवसाला किमान १.८ युनिट. १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर ती जेमतेम १० तास चालते. फायबरचा ओएनटी आणि राउटर मिळून १०-१५ वॅटवर भागतं, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस काही तास काढतो. प्रवासासाठीची लहान डिश २५ ते ४० वॅटची असते आणि गाडीच्या १२ व्होल्टवर चालते. परदेशातून आणलेली डिश किंवा उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरणं मात्र भारतात गुन्हा आहे. स्टारलिंकला इथला परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, तरी प्रवासात वापरण्याच्या अटी लेखी पाहूनच खरेदी करा.

सातपुड्यात अनेक ठिकाणी तिसरा मार्गच आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेचं फायबर चालू असेल, तर तिथून समोरच्या टेकडीवरच्या पाड्याकडे ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओंची (बिनतारी नेट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रांची) जोडी लावावी. या पट्ट्याला वेगळा परवाना लागत नाही आणि एक रेडिओ १० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे लहान सौर पॅनेलवर भागतं. दोन्ही टोकं एकमेकांना दिसली एवढ्यावर थांबू नका. ३ किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर सरळ रेषेच्या खाली निदान ४ मीटर जागा मोकळी हवी, आणि ती पावसाळ्यात मोजावी, साग पूर्ण पानावर असताना.