मधुमेही रुग्णांचा आहार आणि परिचारिकांचा दृष्टिकोन (सोलापूर)

मधुमेही रुग्णाचे खाणेपिणे हे आपले काम आहे असे परिचारिकेला वाटते का, रुग्ण पथ्य पाळेल यावर तिचा कितपत भरवसा असतो आणि त्यानुसार वॉर्डात ती कशी वागते, याचा विचार या विषयात होतो. शुश्रूषाशास्त्रात ज्ञान, दृष्टिकोन आणि कृती ही अंगे वेगवेगळी तपासतात. दृष्टिकोनासाठी अमेरिकेतील मिशिगन येथे तयार झालेली प्रश्नावली बरीच वापरली जाते. १९९८ सालच्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ३३ विधाने असून त्यांचे पाच गट आहेत : विशेष प्रशिक्षणाची गरज, टाइप २ मधुमेहाचे गांभीर्य, साखर काटेकोर ताब्यात ठेवण्याचे मोल, आजाराचा मनावर होणारा परिणाम आणि रुग्णाचा स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार. आहाराच्या बाबतीत खरा कस शेवटच्या गटात लागतो. पथ्य सांगायला हवे हे कुणीही मान्य करते. रुग्णाला विचारून पथ्य ठरवायचे म्हटले की मते फुटतात.

सोलापुरात हा प्रश्न भाकरीपासून सुरू होतो. जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ‘ज्वारीने शुगर वाढत नाही’ हा समज रुग्णांइतकाच कर्मचाऱ्यांतही आढळतो. तो अर्धाच खरा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, त्यामुळे पांढऱ्या भातापेक्षा भाकरी बरी. पण कर्बोदके ६८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गव्हाहून कमी नाहीत. तेव्हा भाकरी मोजावी लागते.

“आजी, भाकरी किती खाता?”
“दीडच की ओ सिस्टर.”
“केवढी? हाताने दाखवा बरं.”

आजी दोन्ही पंजे पसरून दाखवतात तेव्हा कळते की ती ‘दीड’ भाकरी शहरातल्या तीन भाकरींना भारी आहे. परिचारिका हा दुसरा प्रश्न विचारते की नाही, यावरून तिचा दृष्टिकोन प्रश्नावलीपेक्षा चांगला कळतो. जीएनएम (परिचर्येची पदविका) आणि बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पोषण हा विषय असतो, पण तिथला आहार कॅलरीत आणि ग्रॅममध्ये असतो. पंजाएवढ्या भाकरीचा हिशेब वॉर्डातच शिकावा लागतो.

शहराची ताटेही एकसारखी नाहीत. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर कुटुंबांत भाताला मान. कन्नड भाषक घरांत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दखनी बोलणाऱ्या मुस्लिम घरांतले जेवण आणखी वेगळे. ‘सिव्हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयात धाराशिवबरोबरच कर्नाटकातल्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. सगळ्यांना एकच छापील तक्ता देण्यात शिस्त दिसते खरी, पण तो घरी गेल्यावर बाजूला पडतो आणि मग ‘पेशंट ऐकतच नाहीत’ असा शेरा निघतो. हा शेरा सर्वांत घातक. एकदा तो मनात बसला की परिचारिका सांगणेच सोडते. आहार हे आहारतज्ज्ञाचे काम, असे म्हणून बाजूला होणे त्याच्याच जवळचे. एका पाळीत वॉर्ड भरून रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरला त्याबद्दल सरसकट दोष देता येत नाही.

डब्याची वेळ मात्र तिच्याच अखत्यारीत येते. साधे जलद इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात. गावाकडून येणारा डबा एसटी चुकल्याने उशिरा आला आणि इंजेक्शन घड्याळाप्रमाणे टोचले गेले, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून रुग्णाला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. ‘डबा आला का?’ असे आधी विचारून मगच सिरिंज भरणारी सिस्टर आहाराला उपचार मानते, एवढे नक्की.

उपवासाचा पेच वेगळा आहे. पंढरपूर याच जिल्ह्यातले, त्यामुळे एकादशी सोडायला सांगणे व्यर्थ. रमजानच्या रोज्यांचेही तेच. धाक दाखवणाऱ्या परिचारिकेपासून रुग्ण उपवास लपवतो, आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी उपाशीपोटी तशीच घेतो. जी ‘धरणार असाल तर चार दिवस आधी सांगा, डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घेऊ’ म्हणते, तिला तो खरे सांगतो. शिवाय साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतांश स्टार्च; तिच्यापेक्षा दही, ताक, मूठभर शेंगदाणे आणि थोडी भगर परवडते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हेही डॉक्टरांना विचारूनच.

घरी गेल्यावर चूल सुनेच्या किंवा बायकोच्या हाती असते, म्हणून डिस्चार्जच्या वेळी त्यांना समोर बसवून सांगणाऱ्या परिचारिकांचा सल्ला जास्त टिकतो. गावात तिशीपुढच्यांची साखर तपासणारी एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) ताई तिथून पुढचे काम पाहते. डिस्चार्ज कार्डावर ‘दुपारी एक भाकरी, दोन वाट्या भाजी, वरून शेंगा चटणी एक चमचा’ असे लिहिलेले असेल तर तिला तेच धागे धरता येतात. नुसते ‘डायबेटिक डाएट’ असेल, तर भाकरी केवढी हे तिला पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते.