मेडिसिन बॉल: झेलला की लगेच फेकायचा

१९२९ ते १९३३ या काळात व्हाइट हाउसच्या हिरवळीवर रविवार सोडून रोज सकाळी सातला एक खेळ रंगायचा. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचं वजन आटोक्यात राहावं म्हणून त्यांचे डॉक्टर जोएल बून यांनी तो बसवला होता. आठ फूट उंच जाळं, सहा पौंडांचा, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड, भरीव चेंडू) आणि टेनिससारखे गुण. बॉल जिथे झेलला तिथूनच, न रेंगाळता, परत फेकायचा. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो कामी येणार आहे.

बॉल त्याहून जुना. अमेरिकेत त्याचं श्रेय कुणी कुस्तीगीर विल्यम मल्डून यांना देतात, कुणी बोस्टनच्या वायएमसीएमधले व्यायामशिक्षक रॉबर्ट रॉबर्ट्‌स यांना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मेडिसिन’चा रोख होता तब्येत राखण्यावर. डंबेल, काठी आणि इंडियन क्लब्ज यांच्या पंगतीत हा बॉल बसला. त्यातले इंडियन क्लब्ज म्हणजे आपल्या तालमीतले मुद्गलच, ब्रिटिश सैनिकांनी इथून उचललेले!

खरी कलाटणी मिळाली १९६०च्या दशकात. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी उंचावरून खाली उडी घेऊन टेकताक्षणी पुन्हा वर झेपावण्याच्या व्यायामांवर काम केलं. ताणलेला स्नायू तत्क्षणी आखडला की जास्त जोर देतो, हे त्यामागचं तत्त्व. १९७५ मध्ये अमेरिकी धावपटू आणि प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ म्हटलं. पायांना जे उडीने मिळतं, तेच हातांना आणि कमरेला झेलून लगेच फेकल्याने मिळतं. म्हणजे बून यांच्या नियमातच हे बीज होतं.

बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेला दांडा) कितीही झपाट्याने उचलला तरी शेवटी तो थांबवावा लागतो. बॉल मात्र हातातून सुटतो, त्यामुळे अखेरपर्यंत वेग वाढवता येतो. भालाफेकपटू आणि वेगवान गोलंदाज तो वापरतात ते यासाठीच. म्हणून जड बॉल घेऊन नुसतं कण्हत फिरवत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. भिंतीला खांदा करून उभं राहा, मागचा पाय रोवा, आधी कंबर वळू द्या, हात त्यामागून येऊ द्या. बॉल भिंतीवर आदळतानाचा आवाज बसका येऊ लागला की सेट तिथेच थांबवा.