खडकाळ ग्रहांचे कूळ घनतेवरून कसे उमगले

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांना आज आपण सहज एका कुळात बसवतो: आकाराने लहान, घट्ट पृष्ठभागाचे, वर सिलिकेट खडक आणि मध्यभागी लोहाचा गाभा असलेले, मोजकेच उपग्रह बाळगणारे ग्रह. हे नाते मात्र दुर्बिणीतून पाहून ठरलेले नाही. ते मुख्यतः घनतेवरून उमगले, आणि या चौघांच्या अंतरंगाविषयी पुढे जे कळले त्याची पहिली खूण घनतेच्या आकड्यातच होती.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली उपग्रहांच्या गतीवरून गुरू आणि शनी यांची पृथ्वीशी तुलना केली, तेव्हाच पृथ्वी या दोघांहून कितीतरी दाट असल्याचे दिसून आले. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोळ्यांमधील अत्यंत क्षीण आकर्षण मोजून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेपाच पट असल्याचे दाखवले. पायाखालच्या नेहमीच्या खडकांची घनता याच्या साधारण निम्मी असते, त्यामुळे पृथ्वीच्या पोटात धातूसारखे जड काहीतरी असलेच पाहिजे, हे खोल खणल्याशिवायच सिद्ध झाले. मला हा प्रयोग ग्रहविज्ञानातील सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

इतर तिघांची गोष्ट संथ गतीने पुढे गेली. असाफ हॉल यांना १८७७ साली मंगळाचे दोन उपग्रह सापडले आणि त्यांच्या कक्षांवरून मंगळाचे वस्तुमान नेमके काढता आले. त्याची घनता पाण्याच्या जेमतेम चौपट भरते. बुध आणि शुक्र यांना उपग्रहच नसल्याने इतर खगोलांच्या मार्गावर त्यांची जी ओढ पडते तिच्यावरून अंदाज बांधावा लागे.

बुधाचे वस्तुमान खात्रीने कळले ते १९७४-७५ मध्ये मरिनर-१० यान त्याच्याजवळून गेल्यावर, आणि तिथेच खरे कोडे उभे राहिले. बुधाची घनता पाण्याच्या ५.४ पट, म्हणजे जवळजवळ पृथ्वीइतकी आहे. पण पृथ्वी स्वतःच्या प्रचंड भारामुळे आतून आवळली गेली आहे, तर लहानशा बुधाबाबत हा परिणाम किरकोळ ठरतो. म्हणून त्याच्यात लोहाचे प्रमाण चौघांत सर्वाधिक मानावे लागते, आणि त्याचा गाभा त्रिज्येच्या ८० टक्क्यांहून अधिक भाग व्यापतो. एखाद्या महाटकरीत वरचे खडक उडून गेले, की कोवळ्या सूर्याच्या उष्णतेने त्यांची वाफ झाली, असे तर्क मांडले गेले. परंतु २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाला पृष्ठभागावर गंधक आणि पोटॅशियम ही सहज उडून जाणारी मूलद्रव्ये भरपूर आढळली, त्यामुळे वाफेचा तर्क बराच दुबळा झाला.

गाभा प्रत्यक्ष चाचपण्याचे साधन म्हणजे भूकंपलहरी. पृथ्वीचा गाभा रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ साली त्यांच्याच आधारे दाखवला, तर १९३६ साली इंगे लेमान यांनी त्याच्या आत आणखी एक घन गाभा असल्याचे ओळखले. मंगळावर २०१८ साली उतरलेल्या इनसाइट यानाने तिथले हादरे टिपले. त्यांच्या पहिल्या विश्लेषणात गाभ्याची त्रिज्या सुमारे १८३० किलोमीटर निघाली. शुक्रावर मात्र तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वायुदाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक आहे. १९८२ साली तिथे उतरलेले व्हेनेरा-१३ यान १२७ मिनिटे टिकले, आणि आकाराने पृथ्वीशी सर्वाधिक जुळणाऱ्या या ग्रहाचा गाभा भूकंपलहरींनी मोजणे अजून बाकी आहे.